चहा टाकू की मुरवू?

हा भाग मी नागपूरच्या घरातून नाही, मझौलीतून बोलते आहे. जबलपूर जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. विष्णू-वराहाच्या कलचुरीकालीन मंदिरासाठी जाणकार लोक इथे वाट वाकडी करून येतात. माझा थोरला भाऊ नोकरीच्या निमित्ताने इकडे आला आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिला. दिवाळीनंतर दहा-बारा दिवस मी त्याच्याकडे असते. मंदिरावर बोलावं असं ठरवून आले होते, पण या घरात आल्यापासून चहाशिवाय दुसरा विषयच निघालेला नाही.

झालं असं. दादाच्या रक्तातली साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी आधी विचारलं, दिवसाला चहा किती? दादा म्हणाला, सात कप, एखादा जास्त. प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे चौदा चमचे, पन्नास-साठ ग्रॅम साखर नुसत्या चहातून. डॉक्टर म्हणाले, हे बंद. चहा हवाच असेल तर बिनसाखरेचा ग्रीन टी घ्या. पुण्याच्या पुतण्याने लगेच चांगल्या पानांचं एक पाकीट पाठवलं. वहिनींनी पातेल्यात आधण ठेवलं, त्यात दोन मोठे चमचे पत्ती टाकली, रंग येईना म्हणून आठ-दहा मिनिटं खळखळ उकळली आणि गाळून कप दादाच्या हातात दिला. दादाने एक घोट घेतला, उठून मोरीत जाऊन चूळ भरली आणि म्हणाला, "यापेक्षा कडुनिंबाचा पाला चघळतो."

मी पोचले तेव्हा पाकीट कपाटाच्या वरच्या फळीवर, धण्याजिऱ्याच्या डब्यामागे पडलं होतं आणि दादा पुन्हा सात कपांवर आला होता.

मी वहिनींना दोष देणार नाही. त्यांनी चहा अगदी बरोबर केला होता, फक्त तो दुसऱ्या चहाचा बरोबर होता. आपण ग्रीन टी उकळतो, कारण आपल्या हाताला जवळजवळ शंभर वर्षं एकच चहा शिकवला गेला आहे. तो कुणी शिकवला, का शिकवला आणि त्याआधी आपल्याकडे काय होतं, हे कळलं की ग्रीन टी कसा करायचा हे वेगळं पाठ करावं लागत नाही. म्हणून आज आधी इतिहास आणि मग पातेलं.

आपली भाषाच बघा. आपण म्हणतो 'चहा टाकू का?' आपण 'आधण ठेवतो'. 'चहा उकळला का?' असं आतल्या खोलीतून विचारतो. चहा करण्याचे आपले सगळे शब्द चुलीवरचे आहेत. पानांवर गरम पाणी ओतून ती झाकून ठेवायची, या कृतीला आपल्याकडे रोजच्या वापरातला शब्दच नाही. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो. चहा मात्र मुरत नाही, तो उकळतो. आणि दुधाशिवायच्या चहाला आपण काय म्हणतो? कोरा चहा. दूध संपलं, किंवा घेण्याची ऐपत नाही, अशा घरातला चहा. मी पाकीट खाली काढलं तेव्हा वहिनी पहिल्यांदा हेच बोलल्या, "अहो ताई, ह्यांचं एक ठीक आहे, पण आल्यागेल्याला असा कोरा चहा कसा द्यायचा?" हा प्रश्न चवीचा नाही, घराच्या अब्रूचा आहे, आणि तोही इतिहासातूनच आलेला आहे.

आता थोडं मागे जाऊ. आसामातले मळे, इराणी हॉटेलं, अमृततुल्य यांच्यापैकी काहीच नव्हतं तेव्हा सुरतेत चहा प्यायला जात होता. मँडेल्स्लो नावाचा एक तरुण जर्मन प्रवासी १६३८ मध्ये इराणमार्गे सुरतेला आला. तिथल्या इंग्रज वखारीत रोजच्या बैठकीत चहा घेतला जाई आणि हिंदुस्थानात त्याचा वापर सर्रास आहे, असं त्याने नोंदवलं आहे. हे वर्ष लक्षात घ्या. लंडनच्या कॉफीघरात चहा विकायला येण्याच्या जवळपास वीस वर्षं आधीची ही गोष्ट आहे. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, म्हणजे महाराज आठ वर्षांचे असताना सुरतेत चहाचे पेले फिरत होते.

दुसरी नोंद जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याची. सतराव्या शतकाच्या शेवटी तो सुरतेत राहिला आणि परत गेल्यावर १६९६ मध्ये त्याने प्रवासवर्णन छापलं. पुढे १६९९ मध्ये चहावर एक स्वतंत्र पुस्तिकाही लिहिली. सुरतेचे वाणी चहा कसा घेतात हे तो सांगतो. त्यात गरम मसाले घालतात, कधी खडीसाखर, कधी मुरवलेलं लिंबू. आणि डोकेदुखी, मुतखडा, पोटातली कळ यांवर तो उपयोगी मानतात. मसाला आहे, खडीसाखर आहे, लिंबू आहे. दूध नाही. म्हणजे आपल्याकडे चहा आला तो काढ्याच्या कुळात आला, औषधासारखा, घोट-घोट घ्यायचा म्हणून. हा सगळा माल चीनहून जहाजाने येत असे. ओव्हिंग्टनने चहाचे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतले दोन हिरव्या चहाचे. तेव्हा ग्रीन टीला 'हे परदेशी फॅड' म्हणणाऱ्यांना सांगायला हरकत नाही, की पश्चिम किनाऱ्यावर हिरवा चहा आधी उतरला. दूध-साखरेचा उकळलेला चहा त्याच्या कितीतरी मागाहून आला.

नावसुद्धा तिथलंच. चीनच्या बहुतेक भागांत या पानाला 'चा' म्हणतात. आपला 'चहा' आणि इथे मझौलीत दुकानावर मिळणारी 'चाय' ही एकाच 'चा'ची दोन रूपं. दादाच्या घरात दोन्ही चालतात, उंबऱ्याच्या आत चहा आणि बाहेर चाय. आणि आपण मराठी लोकांनी अंगणातल्या एका सुवासिक गवतालाही हेच नाव देऊन टाकलं, गवती चहा. चहाच्या झाडाशी त्याचं काहीही नातं नाही. पण गरम पाण्यात पान सोडून वास आणि गुण उतरवून घ्यायचा ही कल्पना आपल्याला इतकी ओळखीची होती, की नाव पटकन चिकटलं.

आता हिरवा आणि काळा यांतला फरक. हा फरक युरोपातल्या मोठमोठ्या पंडितांनाही पुष्कळ वर्षं कळला नव्हता. वनस्पतींचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने अठराव्या शतकात हिरव्या आणि काळ्या चहाची दोन वेगळी झाडं मानली. चीन सरकार परक्यांना आत जाऊ देत नव्हतं, त्यामुळे ही समजूत टिकून राहिली. रॉबर्ट फॉर्च्यून नावाचा स्कॉटिश माळी १८४० च्या दशकात चिनी वेश करून, डोक्याचा पुढचा भाग भादरून, मागे वेणी लावून चहाच्या मुलखात हिंडला आणि त्याने पाहिलं की झाड एकच आहे, फरक फक्त पान खुडल्यानंतर त्याचं काय करतात याचा आहे.

तो फरक असा. पान खुडलं की त्याच्या आतली रसायनं हवेशी मिसळून काळवंडायला लागतात. कापलेलं वांगं किंवा सफरचंद काळं पडतं तसंच. पान चुरगाळून हे काळवंडणं पूर्ण होऊ दिलं की काळा चहा. खुडल्याबरोबर पानाला चटका देऊन ते थांबवलं की हिरवा चहा. चीनमध्ये हा चटका बहुधा तापल्या कढईत देतात, जपानमध्ये वाफेवर. एवढंच. पण या 'एवढ्याच'मुळे पुढचं सगळं बदलतं. हिरव्या पानातला तुरटपणा अजून मोडलेला नसतो, तो जसाच्या तसा आत बसलेला असतो. त्याला जोरात उष्णता दिली की तो सगळाच्या सगळा पाण्यात उतरतो. वहिनींनी तो उतरवला आणि दादाने तो मोरीत थुंकला.

फॉर्च्यूनने आणखी एक गोष्ट पाहिली. परदेशी पाठवायच्या हिरव्या चहाला कारागीर निळा रंग आणि जिप्सम चोळत होते. त्यांची बोटं निळी झालेली होती. का? तर हिरवा चहा एकसारखा टवटवीत हिरवा दिसावा, असं परदेशी गिऱ्हाइकाला वाटे म्हणून. ते कारागीर स्वतः तो रंगवलेला चहा पीत नसत. फॉर्च्यूनने हिशेब मांडला, शंभर पौंड चहामागे अर्ध्या पौंडाहून जास्त रंग आणि जिप्सम. १८५१ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात या रंगांचे नमुनेच ठेवले गेले. हिरव्या चहाचं नाव इंग्लंडमध्ये खराब व्हायला याचा हातभार लागला. भेसळ गिऱ्हाइकाच्या हौसेपायी झाली आणि बदनामी पानाची.

याच फॉर्च्यूनला ईस्ट इंडिया कंपनीने १८४८ मध्ये पुन्हा चीनला पाठवलं, या वेळी रोपं आणायला. ती हजारो रोपं हिमालयाच्या पायथ्याच्या बागांत पोचली. कांगड्याच्या खोऱ्यात त्याच सुमारास चहा लागला, आणि तिथे हिरवा चहाही होऊ लागला. त्याचं गिऱ्हाईक आपण नव्हतो. तो माल अमृतसरच्या व्यापाऱ्यांकडून काबूलकडे आणि त्याच्याही पलीकडे जाई. १९०५ च्या भूकंपाने त्या मळ्यांचं कंबरडं मोडलं. आजही कांगड्यात हिरवा चहा होतो. दादाच्या पाकिटावर कांगडा असं लिहिलेलं पाहून मला बरं वाटलं, जपानचं महाग पाकीट आणायची काही गरज नसते.

पण इंग्रजांचा मोठा पैसा लागला तो आसामात, आणि तिथे काळा चहा होत होता. १८३९ मध्ये लंडनला त्याचा पहिला लिलाव झाला. १८८८ पर्यंत ब्रिटनमध्ये जाणारा हिंदुस्थानी चहा चिनी चहाच्या पुढे गेला. हा चहा इथे पिकत होता, पण इथली माणसं तो पीत नव्हती. कलकत्ता ते मुंबई लोहमार्ग १८७० मध्ये जबलपूरला जुळला. आपलं सिहोरा त्याच मार्गावरचं. पण त्या गाड्यांतून जाणाऱ्या आपल्या पणजोबांच्या हातात पेला असलाच तर तो पाण्याचा, ताकाचा, नाहीतर दुधाचा.

मराठी मुलखात तेव्हा चहा म्हणजे काय होता, ते पुण्याच्या एका प्रसंगावरून दिसतं. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशींचे पती, यांनी पुण्यातल्या नामवंतांना तिथे बोलावणं पोचवलं होतं. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. सभेनंतर मिशनच्या मंडळींनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी घोट घेतला, कुणी नुसता पेला हातात धरून बाजूला ठेवला. गोपाळराव बेरकी, त्यांनी हजर असलेल्यांची यादी 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. झालं, ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि त्यावरून सुधारकांनीच त्यांना बोल लावला. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत या दिवसांचा त्रास वाचायला मिळतो. वाद अर्थातच चहाच्या पानाचा नव्हता, कुणाच्या हातचं आणि कुणाच्या घरातलं याचा होता. तरीही पहा, दोनशे वर्षांपूर्वी सुरतेच्या वाण्याच्या घरात औषध म्हणून बसलेला चहा १८९० च्या पुण्यात साहेबाचं पेय झाला होता. मधल्या काळात आपण त्याला विसरलो, आणि परत आला तेव्हा तो वेगळा होऊन आला.

परत आणला कुणी? मळेवाल्यांनीच. १९०३ मध्ये निर्यात होणाऱ्या चहावर एक उपकर बसवला गेला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. परदेशात तर झालाच, पण हळूहळू लक्षात आलं की सगळ्यात मोठं गिऱ्हाईक घरातच बसलं आहे. मग गिरण्यांत, कारखान्यांत चहाची सुट्टी, बाजारात फुकट पेले, रेल्वेच्या जंक्शनांवर किटल्या. खाद्यसंस्कृतीच्या इतिहासकार लिझी कॉलिंगहॅम यांनी हा भाग फार मजेदार सांगितला आहे. साहेब लोक विक्रेत्यांना चहा करण्याची योग्य रीत शिकवत, पत्ती इतकी, पाणी असं, वेळ एवढा. विक्रेते मान डोलावत, आणि साहेबाची पाठ वळली की भरपूर दूध, भरपूर साखर घालून आपल्या पद्धतीने उकळत. गिऱ्हाइकाला तेच आवडे.

आणि हा अडाणीपणा नव्हता बरं का. हिशेब होता. पत्ती महाग, दूध-साखर ओळखीची आणि पोटाला आधार देणारी. थोड्या पत्तीतून जास्त रंग काढायचा तर उकळणं हाच मार्ग. त्यात १९३० च्या सुमारास आसामात मॅककर्चर नावाच्या व्यवस्थापकाने पान चिरडून, फाडून, वळून त्याची गोळी करणारं यंत्र आणलं. हीच आपली सीटीसी पत्ती. स्वातंत्र्यानंतर ती देशभर पसरली. ती स्वस्त, कडक आणि झटकन रंग सोडणारी. ती मुळात दुधासाठीच जन्मलेली म्हणा ना. तिला उकळलं नाही तर ती बोलतच नाही. आपल्या आज्या, आया, वहिन्या ज्या पत्तीवर चहा शिकल्या ती ही. त्यांच्या हाताने तिला पूर्ण न्याय दिला. फक्त त्याच हाताने हिरवं पान धरलं की घोटाळा होतो. आणि दूध ही पाहुण्याच्या मानाची खूण झाली, म्हणून बिनदुधाचा तो 'कोरा', कमीपणाचा.

उकळण्याला नावं ठेवणाऱ्यांसाठी एक गंमत सांगते. आठव्या शतकात चहावरचा पहिला मोठा ग्रंथ लिहिणारा चिनी पंडित लू यू, तोही चहा उकळूनच पीत होता, आणि त्यात मीठ घालत होता. पानांवर नुसतं गरम पाणी ओतायची रीत चीनमध्ये रुळली ती मिंग राजवटीत, म्हणजे चौदाव्या शतकाच्या शेवटाकडून पुढे. आपल्या काश्मीरचा गुलाबी नून चहा तर हिरव्या पानाचाच, सोडा घालून तासन्‌तास उकळलेला. पण तिथे तुरटपणाला सोडा, मीठ आणि दूध आवरतं. दादाच्या कपात यांतलं काहीच नव्हतं.

आता एक नाव ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. गांधीजी. चहाचे कट्टर विरोधक. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी 'आरोग्यनी चावी' हे छोटं पुस्तक गुजरातीत लिहिलं. त्यात चहावर एक प्रकरण आहे. चीनमध्ये पाणी उकळून प्यावं लागे, उकळलं आहे हे कळावं म्हणून त्यात हे पान आलं, असं काहीसं ते ऐकीव म्हणून सांगतात आणि मग चहा बरोबर झाला की नाही याची कसोटी देतात. पान गाळण्यात ठेवा, वरून उकळतं पाणी हळूहळू ओता, खाली उतरणाऱ्या पाण्याचा रंग गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा असला पाहिजे. पान उकळून त्यातलं टॅनिन काढणं त्यांना मान्य नव्हतं, कारण त्याच टॅनिनने चामडं कमावतात. त्यांचा शेवटचा सल्ला चहा सोडा असाच होता. पण बघा, चहा न पिणाऱ्या माणसाने पुण्याच्या बंदिवासात बसून जो रंग सांगितला, तो चांगल्या ग्रीन टीचा रंग आहे. मी दादाला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग त्यांनी सोडला तसा मी सोडू का?" म्हटलं, नको, आधी रंग तर काढून बघू.

तर आता पातेलं.

पहिल्या दिवशी आमचा प्रयोग फसला, आणि तो माझ्यामुळे. वहिनींच्या चुकीला घाबरून मी पाणी इतकं निववलं आणि पत्ती इतकी चिमूटभर घातली, की दादा म्हणाला, "गरम पाणी पाजतेस का गं?" भीतीपोटी केलेला ग्रीन टी असाच होतो, आणि पुष्कळ लोक तो तसा वर्षानुवर्षं निमूटपणे पितात. त्यात आनंद कसला? पत्तीत कंजुषी करू नका. एका मध्यम कपाला, म्हणजे दीडशे ते पावणेदोनशे मिलिलिटर पाण्याला, दोन ग्रॅम पान हवं. साधारण एक सपाट चहाचा चमचा. पान मोठं आणि फुललेलं असेल तर चमचा शिगोशीग भरा, कारण त्यात हवाच जास्त असते.

पाणी हा खरा मुद्दा आहे. दादाकडे बोअरचं पाणी येतं, जड आणि क्षारांचं. अशा पाण्यात हिरव्या चहाचा रंग मळकट होतो आणि चव बसते, वर एक साय धरल्यासारखं दिसतं. आम्ही पिण्याचं गाळलेलं पाणी घेतलं आणि फरक डोळ्यांना दिसला. मराठवाड्यात, विदर्भात बोअरवर असलेल्यांनी हे आधी करून बघा. पाकिटाला शिव्या देण्याआधी पाणी बदला.

ते पाणी उकळवा, गॅस बंद करा आणि थांबा. पान उकळत्या पाण्यात जाऊ द्यायचं नाही. सत्तर ते ऐंशी अंश सेल्सियस ही हिरव्या चहाची जागा. तुरटपणा देणारी द्रव्यं, ज्यांना कॅटेचिन म्हणतात, आणि कॅफिन ही जास्त उष्णतेत झपाट्याने उतरतात. गोडसर, मूगडाळीच्या कढणासारखी जी चव असते ती थिॲनिन नावाच्या द्रव्याची, आणि ती कमी उष्णतेतही उतरते. म्हणजे पाणी निववून आपण तुरटपणाला दाराबाहेर थोडं थांबवतो आणि गोडव्याला आधी आत घेतो. थर्मामीटर कुणाच्या घरात असतो? झाकण काढून पाच मिनिटं ठेवा. नाहीतर ज्या कपात प्यायचं आहे त्यात ते पाणी आधी ओता, मग त्या कपातून पानांवर ओता. एका भांड्यातून दुसऱ्या थंड भांड्यात ओतताना दर वेळी आठ-दहा अंश उतरतातच. वहिनींना हा उपाय एकदम पटला, कारण मापही त्याच कपाने होतं.

मग झाकण ठेवा आणि दोन मिनिटं मुरू द्या. फार तर तीन. इथे घड्याळ बघायलाच हवं. रंगाकडे पाहून ठरवायला गेलात की सीटीसीची सवय हात धरते आणि 'अजून रंग आला नाही' म्हणून तुम्ही थांबत राहता. तो रंग येणारच नाही. गवताच्या काडीचा पिवळा, नाहीतर फिकट हिरवट, एवढाच रंग. वेळ झाली की पूर्ण गाळा, पानं पाण्यात ठेवू नका.

आणि ती पानं फेकू नका! हे मी वहिनींना दोनदा सांगितलं. चांगल्या पानांवर दुसरं पाणी घालता येतं, थोडं जास्त गरम, आणि वेळ पहिल्यापेक्षा कमी, कारण पान आता उमललेलं असतं. मला तर दुसरंच पाणी जास्त आवडतं. तिसरंही निघतं. महाग वाटणारं पाकीट मग तितकं महाग राहत नाही. कागदी पुड्यांतल्या ग्रीन टीचं असं होत नाही, त्यात बहुधा चुरा असतो, तो पहिल्याच पाण्यात सगळं सांगून मोकळा होतो. तोच घरात असेल तर मिनिट-दीड मिनिटात पुडी बाहेर काढा आणि ती पिळू नका, पिळली की शेवटचा कडूपणा कपात येतो.

डबा घट्ट झाकणाचा, उजेडापासून दूर. आणि धण्याजिऱ्याच्या शेजारी कधीच नाही. हिरवं पान शेजाऱ्याचा वास पटकन घेतं. दादाच्या पाकिटाला थोडा घेतलेलाच होता, पण सुरतेच्या वाण्यांनी मसाले घातलेच होते की, असं म्हणून आम्ही ते चालवून घेतलं.

गुणांबद्दल मी थोडंच बोलणार, कारण लोक फार बोलतात. ग्रीन टीने पोट उतरेल, सगळे रोग जातील, असलं काही मी सांगणार नाही. दादाचा फायदा सरळ आहे, त्यात साखर नाही. मात्र जेवणाबरोबर तो घेऊ नका. चहा, मग कोणताही, अन्नातलं लोह शोषायला आडवा येतो. आपल्याकडच्या बायकांत रक्त आधीच कमी असतं, त्यांनी तर जेवणानंतर तासभर जाऊ द्यावा. रिकाम्या पोटी काहींना मळमळतं. रात्री उशिरा घेतला तर झोप लांबते, कॅफिन यातही आहे. नेहमीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. आणि ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांच्या वाटेला जाऊ नका, त्यांनी यकृताला अपाय झाल्याची उदाहरणं आहेत. कप वेगळा, गोळी वेगळी.

राहिला वहिनींचा प्रश्न, पाहुण्याला कसा द्यायचा. यावर मी त्यांना ओव्हिंग्टन सांगितला. त्यांना त्या पाद्र्यात काही रस वाटला नाही, पण खडीसाखर आणि लिंबू म्हटल्यावर डोळे चमकले. दुसऱ्या दिवशी परसातली गवती चहाची दोन पाती त्यांनी पाण्याबरोबर उकळली, पाणी निववलं, मग पानांवर ओतलं. काचेच्या ग्लासात पिवळंधमक पाणी, वर लिंबाची पातळ चकती, शेजारी बशीत खडीसाखरेचे चार खडे, ज्याला हवा त्याने तोंडात धरावा. तो ग्लास बघून कोणी त्याला कोरा म्हणालं नसतं.

दादाचं म्हणाल तर सकाळचा आणि दुपारी चारचा दुधाचा चहा त्याने सोडलेला नाही. त्यातली साखर अर्ध्या चमच्यावर आली आहे. मधले कप हिरवे झाले. चौदा चमच्यांचा एक चमचा झाला, पुढच्या तपासणीत काय निघतं ते बघू. परवा त्याने स्वतः कपात पाणी ओतून निववलं, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि दोन मिनिटं कुणाशी बोलला नाही.

काल संध्याकाळी मी मंदिरावरून दमून आले, दारात चपला काढत होते, तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला, "ताई, चहा टाकू की मुरवू?"